ठकुबाईची बाटली

आनंदरावांना आयुष्यात फारशी पत्रं आली नाहीत, आणि जी आली त्यांना त्यांनी उलट टपाली उत्तरं धाडली. राहिलं ते एकच. १९२७ सालच्या वैशाखात वेल्ह्याहून आलेलं ते जोडकार्ड होतं. एका भागावर मजकूर, दुसरा भाग उत्तरासाठी कोरा, आणि त्यावर पत्तासुद्धा आधीच घातलेला. म्हादू धनगराने शाळामास्तरांकडून लिहवून घेतलं होतं:

"डॉक्टरीणबाई वारल्या हे ऐकून वाईट वाटलं. काचेत काय दिसलं ते आता तुम्हालाच ठाऊक. माझ्या आईच्या थुंकीत दोष आहे की नाही, एवढा एक शब्द लिहावा. दवाखान्यातून येईल ते पंचांना मान्य आहे. तोवर आई वस्तीखाली ओढ्यावर बसून आहे."

एक शब्द. तो लिहायला आनंदरावांना बारा वर्षं लागली.

आनंदराव म्हणजे दाराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला तीनदा परत फिरणारा माणूस. बोलण्यापेक्षा वाचण्यात रमणारा. डॉक्टर सगुणाबाईंनी भोरला स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा ते तिथे कंपाउंडर म्हणून लागले आणि थोड्याच दिवसांत मागच्या खोलीत गेले ते तिथलेच झाले. त्या खोलीत मेण वितळवायचं तपेलं होतं, हाताने फिरवायचं कापणीचं यंत्र होतं आणि खिडकीपाशी पितळी सूक्ष्मदर्शक. बाई मुंबईला शिकून आल्या होत्या. उंच, चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. सकाळभर रोगी तपासायच्या आणि दुपारी पदर खोचून या खोलीत यायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा परकरी मुलीसारखा दिसे.

बाईंना ध्यास होता यकृताचा. खाल्लेल्या अन्नातली साखर यकृत पिठासारखी साठवून ठेवतं आणि उपासाच्या वेळी काढून देतं. ते पीठ डोळ्यांना दिसावं म्हणून त्याला रंग द्यायचा. यकृताचा तुकडा मेणात बसवून केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि कार्माइन नावाच्या तांबड्या रंगात बुडवायचे. पीठ लाल होतं. पण जे लाल दिसलं ते पीठच कशावरून? त्यावर बाईंचा तोडगा असा, की एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन काप लावायचे आणि त्यातल्या एकावर, रंगाच्या आधी, अर्धा तास उबेत थुंकी ठेवायची. थुंकीतलं एन्झाइम पीठ विरघळवून टाकतं. मग दोन्ही काप रंगवायचे. एक लाल उमटला आणि दुसरा फिका राहिला, तर नाहीसं झालं ते पीठच.

"भाकरी चावत राहिलं की गोड लागते ना, तेच हे," बाई म्हणाल्या होत्या. "आणि थुंकी तुमची, आनंदराव. मला पानाची सवय, गड्याला तंबाखूची. निर्मळ तोंड इथे तुमचंच."

"तुमच्यासमोर, बाई?"

"मग काय, पोष्टाने पाठवणार?"

आनंदराव भिंतीकडे तोंड करून थुंकले होते. पुढे सहा वर्षं ते भिंतीकडेच तोंड करत राहिले. काम मात्र असं, की पाहत राहावं. डाव्या कापात डाळिंब फोडल्यासारखा लाल रंग, त्यात निळ्या रंगाने रंगवलेली बारीक केंद्रकं. उजव्या कापात तीच केंद्रकं, तशीच निळी, आणि लाल टिपूसभरही नाही. एका थेंबाने एवढं नेमकं काम करावं, नको त्याला हात लावू नये, याचं त्यांना दर वेळी नवल वाटे. आपल्या तोंडात असं काही आहे हे त्यांना खरंच वाटत नसे.

१९२७ च्या पौषात म्हादू आला. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या सोंडेवर त्याची वस्ती. आदल्या दिवाळीत बाई आणि आनंदराव तिथे देवी टोचायला जाऊन आले होते. आता वस्तीतल्या गाभण शेळ्या मरत होत्या, महिन्यात अकरा. आणि पंचांनी म्हादूच्या आईला, ठकुबाईला, वस्तीतून खाली काढलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी बैलगाडी जुंपायला सांगितली.

वस्तीवर म्हातारे पंच कुंडलिक घोंगडी टाकून बसले होते. ठकुबाई शेळ्यांची सुईण. करडाची नाळ, खुराची जखम, माणसाचं गळू, सगळ्याला तिची सकाळची थुंकी लागायची. उठल्यावर एक शब्दही बोलायच्या आधीची.

"वरनं बरं करती आन आतनं खाती," कुंडलिक म्हणाले. "तिची थुंकी खाती, बाई."

बाईंनी त्या सकाळी मेलेली शेळी फाडली. पोटात दोन करडं होती. यकृत पिवळं, तुपकट, बोटाने दाबलं तर खचणारं.

"दोन दोन जीव पोटात आणि रानात चारा नाही," बाई म्हणाल्या. "हिच्या यकृतातला साठा संपला. रिकामं झालंय ते."

"रिकामं झालं न्हवं? त्येच आमी म्हंतो. खाल्लं कुनी?"

लोक हसले. बाईही हसल्या, पण हात धुता धुता म्हणाल्या, "थुंकी सगळ्यांचीच खाते, कुंडलिकबुवा. तुमची, माझी, या आनंदरावांची. एका काचेवर आनंदरावांची लावते आणि ठकुबाईंची लावते. दोन्हींनी सारखंच काम केलं तर तुम्ही त्यांना वर घ्यायचं. मी काच घेऊन इथे येईन, तुम्ही डोळ्याने बघा."

कुंडलिकांनी दाढी खाजवली. "सारकं दिसलं तर घिऊ. तुमचा शबूद."

ठकुबाई ओढ्याकाठी पाचटाच्या खोपीत होती. साठीची, बारीक, पाठ ताठ. तिने गाऱ्हाणं सांगितलंच नाही. बाईंना बसायला घोंगडीचा कोरडा कोपरा दिला.

"कधीपासून मरायला लागल्या शेळ्या?" बाईंनी विचारलं.

"तुमी दिवाळीला जंताच्या औशदाची पाकिटं वाटून गेला न्हवं? रिकामं कागद शेळ्यांनी खाल्लं. त्याच्या मागनं चार दिसांनी."

थुंकी द्यायला ती तयार झाली, पण तिची रीत पाळूनच. सकाळची, न बोलता दिलेली. आणि नेणाऱ्यानेही ती कामाला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. "मधी बोललं तर ती त्याची हुती, माजी ऱ्हात न्हाई."

"आनंदरावांना बोलू नका म्हणजे सुट्टीच दिल्यासारखं," बाई म्हणाल्या, आणि ठकुबाई पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने छोटी बाटली भरून दिली. आनंदरावांनी बूच लावून ती कोटाच्या खिशात ठेवली आणि मान हलवून निरोप घेतला. दुपारी मार्गासनीजवळ गुंजवणी ओलांडताना गाडी हलकी करायला ते उतरले. पाणी गुडघाभर होतं. गोट्यावरून पाय सरकला, ते कमरेपर्यंत बसले आणि उठून खिसा चाचपला तेव्हा बूच नव्हतं. बाटलीत नदीचं पाणी होतं.

बाई पलीकडच्या काठावर गाडीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. हाक मारायची तर बोलावं लागणार. सांगायचं तर एवढी वाट परत. आणि आपलं वेंधळेपण बाईंच्या समोर. सगळ्यांची थुंकी सारखीच, असं बाईच म्हणाल्या होत्या ना? आनंदरावांनी एका जांभळीकडे तोंड केलं, बाटली भरली आणि रुमालाचा बोळा घट्ट दाबून बसवला. भोरला पोचेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

खाटकाकडून धडधाकट बकऱ्याचं ताजं यकृत आणलं होतं. एका काचेवर तीन काप लावले. पहिला कोरा, दुसऱ्यावर आनंदरावांची थुंकी, तिसऱ्यावर बाटलीतली. रंग दिला, धुतला. पहिला डाळिंबासारखा लाल. दुसरा फिका. तिसरा फिका.

बाईंनी टाळी वाजवली. "सोमवारी निघू! म्हातारी वर चढली की मगच मी चहा घेईन."

निकाल तर खराच होता, असं आनंदरावांनी स्वतःला समजावलं. त्या दिवशी ते घरी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कापही फिका होता.

"थुंकी पसरली असेल," बाई म्हणाल्या. "काच पुसली होती नीट?"

"पुसली होती, बाई." पण आनंदरावांना आपल्या कुठल्याच आठवणीची कधी खात्री नसे.

त्यांनी पुन्हा केलं. या वेळी तीन काप तीन वेगळ्या काचांवर, आणि काचा लाकडी पेटीत, प्रत्येक वेगळ्या खाचेत. बाटलीतल्या थुंकीची काच बाराव्या खाचेत होती. बाकीच्या खाचांत सहा वर्षांच्या जुन्या काचा होत्या, पक्क्या रंगलेल्या, वरून पातळ काच चिकटवून बंद केलेल्या.

पहिल्या दिवशी अकरावी आणि तेरावी फिकी झाली.

दुसऱ्या दिवशी दहावी आणि चौदावी.

बाई रोज सकाळी रोग्यांच्या आधी पेटी उघडत. खिडकीपाशी एकेक काच धरत. निळ्याला कुठेच धक्का नव्हता. केंद्रकं होती तिथे, होती तशी, एकेक मोजून घ्यावीत. गेला होता तो फक्त लाल. घर जागच्या जागी असावं आणि आतली माणसं उठून गेलेली असावीत, तसं दिसे. आठव्या दिवशी पेटीच्या झाकणावर तांबड्या शाईने लिहिलेले आकडे गेले. शेजारची काळ्या शाईची नावं राहिली.

त्या दिवशी बाई झाकण मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मागे एकदा रायरेश्वराच्या पठारावर रानफुलं पाहताना त्यांचा असा चेहरा झाला होता.

"केवढं सुंदर आहे हो हे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मुंबईला नेते. माझ्या गुरूंना दाखवते."

"आणि वस्तीवर? सोमवार तर होऊन गेला."

"काय सांगू तिथे? दोन्ही सारख्या? मला तसं वाटत नाही आता. बाटलीत काहीतरी निराळं आहे. कळल्याशिवाय मी पंचांपुढे उभी राहणार नाही, आनंदराव. माझ्या शब्दावर त्या बाईचं सगळं आहे. तो कच्चा देऊ?"

आनंदरावांनी तोंड उघडलं.

"बाई, ती बाटली..."

"काय?"

बाईंनी एवढ्या विश्वासाने मान वर केली, की त्यांना पुढचं बोलवेना.

"बूच सैल आहे तिचं," ते म्हणाले.

बाई पेटी घेऊन मुंबईला गेल्या आणि चैत्रात तिथेच विषमज्वराने वारल्या. त्यांच्या भावाने पेटी परत धाडली. पंचविसाच्या पंचवीस काचा निळ्या होत्या. आनंदरावांनी दार लावून खाटकाकडचं यकृत पुन्हा कापलं, पुन्हा आपली थुंकी लावली, आणि पेटीबाहेर राहिलेली एक जुनी लाल काच शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी तीही नुसती निळी होती. मग त्यांनी यंत्र तेल लावून बांधून ठेवलं.

पुढच्याच महिन्यात ते जोडकार्ड आलं.

'दोष नाही' लिहावं, तर ठकुबाईची थुंकी त्यांनी कधी तपासलीच नव्हती. 'आहे' लिहिणं तर पापच. आणि खरं लिहायचं तर ती थुंकी कुणाची, हे लिहावं लागणार. त्यांनी चार वेळा दौत उघडली. नंतर कार्ड एका पुस्तकात घालून ठेवलं.

बारा वर्षं अशी गेली. शेळ्या मरायच्या त्या पुढच्या पावसाळ्यात थांबल्याचं कानावर आलं. आनंदराव म्हातारे झाले, दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांनी घेतला. वाचन तेवढं राहिलं. वाचताना बोट जिभेला लावून पान उलटायची त्यांची सवय. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की रोजच्या पोथीत खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरातल्या लाल रेघा नाहीशा झाल्या आहेत. जुना रंग, उडणारच, असं ते म्हणाले. तरी त्या दिवसापासून पुस्तकाशेजारी पाण्याची वाटी ठेवू लागले.

१९३९ च्या मार्गशीर्षात, बाजाराच्या दिवशी, तुपाचा गडू घेऊन एक बाई त्यांच्या ओट्यापाशी थांबली.

"तुमीच न्हवं का ते न बोलणारं दादा? म्या भामाबाई. म्हादूची मालकीण."

आनंदराव उभे राहिले आणि पुन्हा बसले. "ठकुबाई?"

"हायेत की. थितंच, ओढ्यावर. कुंडलिकबुवा गेलं, आता त्येंचंच लोक लपूनछपून शेळ्या घिऊन खाली येत्यात त्येंच्याकडं. वर चला म्हनलं तर न्हाई म्हंत्यात. कागदाबिगर चडनार न्हाई. डाक्तरीणबाईनं शबूद दिला हुता, कागद येनार, म्हंत्यात." ती हसली. "पोष्टमन दिसला की इचारत्यात. त्यो बी आता लांबनंच हात हालवतो."

"माझ्यावर रागावल्या असतील."

"तुमच्यावं? न्हाई बा. म्हंत्यात, त्यो दादा एवढी वाट न बोलता गेला, आपल्या रीतीचा मान राखला. येवढं कोन करतं?" गडू डोक्यावर घेत ती पुढे म्हणाली, "आता म्हंत्यात, कागद आला की मास्तरानं वाचला रं वाचला, की शेळीला खायला घालनार. बारा वर्सं त्येनं माजा जीव खाल्ला, आता शेळी त्येला खाईल. यंदा धा शेळ्या गाभन हायेत. दोन-दोन करडं दिसत्यात पोटात."

ती गेल्यावर आनंदरावांनी दौत उघडली. जोडकार्डाच्या कोऱ्या भागात सगळं मावलं नसतं. त्यांनी दोन कागद भरले. नदी लिहिली, बूच लिहिलं, जांभळीचं झाड लिहिलं. 'तुमच्या आईची थुंकी काचेला कधी लागलीच नाही. जे झालं ते माझ्या थुंकीने झालं. त्यांच्यात कसलाही दोष नाही, हे मी शपथेवर लिहितो.' लिहिता लिहिता त्यांना दिवाळीची ती पाकिटं आठवली. जंताच्या औषधाची शंभर पाकिटं त्यांनी आदल्या रात्री एकट्याने बसून, न बोलता चिकटवली होती. डिंक कडेला लावलेलाच होता. नुसती जिभेने ओली करायची होती.

ती गोष्टही त्यांनी लिहिली. खाडाखोड एकदाही केली नाही. हलकं वाटलं. बाईंना दाखवावंसं पत्र झालं होतं.

लिफाफा त्यांनी पाण्याच्या वाटीत बोट बुडवून बंद केला आणि ते पोष्टात गेले. खिडकीतून एक आण्याचं तिकीट घेतलं, राजाच्या डोक्याचं, लाल. तिकिटं ओली करायचा स्पंज वाळून दगड झाला होता. बाहेर नसरापूरची सर्व्हिस मोटार उभी होती आणि टपालवाला पेटीखाली थैली लावून ओरडत होता.

"टाकताय का, आनंदराव? का आणखी बारा वर्षांनी?" त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो सगळ्याच म्हाताऱ्यांना असं म्हणायचा.

आनंदराव गडबडले. तिकीट जिभेला लावून त्यांनी ते चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, तोच अंगठा पेटीच्या फटीला टेकवून पत्र आत सोडलं.

मग त्यांना कळलं, आपण काय केलं ते.

पण तिकीट लाल होतं. टाकताना त्यांनी नीट पाहिलं होतं, लालच होतं. टपालवाल्याने पेटी उघडली, थैली भरली, गाठ मारली. मोटार धूळ उडवत निघून गेली.

आनंदरावांनी श्वास सोडला. इतक्या वर्षांनी तोंडात भाकरी खूप वेळ चावल्यासारखी गोडी होती.

छत्री पेटीपाशीच राहिली होती. ती घ्यायला ते चार पावलं मागे फिरले.

पेटी तांबडी होती, नुकतीच रंगवलेली. फक्त पत्र टाकायच्या फटीभोवती, अंगठा टेकला होता तिथे, रुपयाएवढ्या जागेत लोखंड उघडं पडलं होतं.

ते बघत असतानाच ती जागा दोन रुपयांएवढी झाली.